५६०० घ्यावा की ५६००जी?

प्रश्न: माझा मुलगा फर्मागुडीला इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चवथीआधी त्याला डेस्कटॉप घेऊन द्यायचा आहे. म्हापशाच्या दुकानदाराने रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, १६ जीबीची एक रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी असं कोटेशन दिलंय. पुण्याचा पुतण्या म्हणतो, ‘जी’ नको, साधा ५६०० घ्या, तो पंधरा टक्के फास्ट आहे. त्याच्या यादीत ५६००, ए५२० मदरबोर्ड आणि आरएक्स ६५०० एक्सटी हे ग्राफिक्स कार्ड आहे. ती बारा-तेरा हजारांनी महाग पडते. मुलाचं म्हणणं, ‘जी’च फास्ट, त्याचे गिगाहर्ट्झ जास्त आहेत. वापर म्हणाल तर कॉलेजचं ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, थोडं कोडिंग, माझे शाळेचे निकाल, गावच्या काल्याच्या उत्सवातल्या नाटकांचे व्हिडिओ तो एडिट करतो ते, आणि गेम आलेच. यातला खरोखर फास्ट कुठला?
– एक शिक्षिका, पेडणे तालुका

उत्तर:

ताई, घरातल्या दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे, म्हणूनच वाद मिटत नाही. निकाल आधी सांगून टाकतो: तुमच्या घरासाठी ५६००जी. मात्र म्हापशाचं कोटेशन आहे तसं घेऊ नका, त्यातली रॅमची ओळ बदलून घ्या. पुतण्याची यादी मात्र मुळातच चुकली आहे. ज्या पंधरा टक्क्यांसाठी तो भांडतोय, ते टक्के त्याच्याच यादीतल्या बोर्डावर आणि कार्डावर अडून बसणार आहेत. तो मुद्दा सविस्तर घेतो, पण आधी मुलाच्या गिगाहर्ट्झकडे बघू.

त्याने डब्यावरचे आकडे बरोबर वाचलेत. ५६००जीवर ३.९ गिगाहर्ट्झ लिहिलेलं असतं आणि ५६००वर ३.५. पण हा झाला बेस क्लॉक, म्हणजे सगळे कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) जड कामाला जुंपल्यावरही साधारण ज्याच्या खाली जाणार नाही असं कंपनी सांगते तो वेग. रोजच्या वापरात प्रोसेसर त्या आकड्यावर बसून राहत नाही. काम आलं की तो बूस्टला जातो, आणि बूस्ट दोघांचाही ४.४ आहे. कोअर दोघांचे सहा, थ्रेड बारा, दोघेही एएमडीच्या झेन ३ रचनेचे, दोघांवर ६५ वॅट लिहिलेलं. त्यामुळे ऑटोकॅडमध्ये रेघ ओढताना, एक्सेलमध्ये वर्गाचे निकाल लावताना किंवा कोड कंपाइल करताना दोघांत फरक जाणवायचा नाही. ऑटोकॅड तर बहुतेक काम एकाच कोअरवर रेटतं आणि तो कोअर दोघांचा एकाच घडणीचा. सगळे कोअर राबवणाऱ्या सिनेबेंचसारख्या चाचणीतही दोघांत दोन-चार टक्क्यांचंच अंतर पडतं, तेही ५६००च्या बाजूने. मागे अँटीव्हायरस किंवा विंडोज अपडेट चालू असेल तर एवढा फरक एकाच मशीनच्या सकाळच्या आणि संध्याकाळच्या आकड्यांतही दिसतो. तेव्हा मुलाचा ०.४ गिगाहर्ट्झ वादातून बाद.

आता पुतण्याचे पंधरा टक्के. ते खोटे नाहीत. ५६००मध्ये एल-३ कॅश ३२ एमबी आहे, ५६००जीमध्ये १६. कॅश म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेली लहानशी मेमरी. ओट्यावरच्या डब्यात मीठ असलं की हात घातला आणि घेतलं. नसलं की कोठीच्या खोलीत जावं लागतं, तसं इथे रॅमकडे जावं लागतं आणि त्या फेरीत प्रोसेसर खोळंबतो. गेममध्ये हा खोळंबा फार, कारण पुढच्या क्षणी कुठला डेटा लागेल याचा नेम नसतो. म्हणून एकच भारी ग्राफिक्स कार्ड दोघांना आळीपाळीने लावून गेम चालवले, तर ५६००जी साधारण दहा-पंधरा टक्के मागे पडतो. कुठे कमी, कुठे जास्त.

कॅश निम्मी का, हे मेकॅनिकलच्या मुलाला नक्की आवडेल. ५६००जी मुळात लॅपटॉपसाठी घडवलेली चिप आहे. सगळं एकाच तुकड्यावर: कोअर, ग्राफिक्स, मेमरीचं नियंत्रण. २०२१मध्ये एएमडीने तीच डेस्कटॉपच्या डब्यात घालून दुकानात आणली. ग्राफिक्सला जागा हवी म्हणून कॅश आखडती घेतली. एप्रिल २०२२ला आलेल्या ५६००मध्ये मात्र दोन वेगळे तुकडे आहेत, एकावर कोअर आणि भरपूर कॅश, दुसऱ्यावर बाहेरच्या जगाशी बोलणारे भाग. या दोन्ही तुकड्यांवर ग्राफिक्स नाही. म्हणजे कार्ड लावल्याशिवाय ५६००चा मॉनिटर काळाच राहणार. नावात एका अक्षराचा फरक, पण आत दोन निराळ्या चिपा आहेत.

आणि पुतण्याचे पंधरा टक्के ज्या चाचण्यांच्या तक्त्यांतून येतात, ते नेमके इथेच बारकाईने वाचायला हवेत. अशा चाचण्यांत मुद्दाम बाजारातलं सगळ्यात ताकदवान कार्ड लावतात आणि रिझोल्यूशन १०८०पीवर ठेवतात. हेतू असा की कार्ड कुठेच कमी पडू नये आणि सगळा ताण प्रोसेसरवर यावा, नाहीतर दोन प्रोसेसरांतला फरक दिसणारच नाही. चाचणी म्हणून ते अगदी योग्य आहे. पण घरी उलटं असतं. घरी कार्ड मध्यम असतं आणि ते प्रोसेसरच्या कितीतरी आधी दमतं. मग कार्ड सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे साठ चित्रं, देत असेल तर प्रोसेसर शंभरचा असो की एकशे पंधराचा, पडद्यावर साठच दिसणार. पुतण्याने सांगितलेला फरक खरा आहे, पण तो ज्या कार्डाने मोजला गेला ते कार्ड त्याच्याही यादीत नाही आणि तुमच्याही बजेटमध्ये नाही.

त्याच्या यादीत आहे ते आरएक्स ६५०० एक्सटी. जानेवारी २०२२मध्ये आलेलं हे कार्ड स्वस्तातलं म्हणून बरेच जण घेतात, पण त्यात दोन खोडी आहेत आणि दोन्ही तुम्हाला नडणाऱ्या आहेत. पहिली अशी की या कार्डाला बोर्डाशी बोलायला चारच लेन, म्हणजे डेटा ये-जा करायच्या वाटा, दिल्यात. बोर्ड आणि प्रोसेसर दोघेही पीसीआय एक्सप्रेस (कार्ड जोडायच्या मार्गाची पद्धत) ४.० देत असतील तर त्या चार लेन निभावून नेतात. ३.० मिळालं की रुंदी निम्मी होते. कार्डाची स्वतःची मेमरी फक्त ४ जीबी. ती भरली की त्याला रॅमकडे धाव घ्यावी लागते, आणि नेमकी तीच वाट अरुंद झालेली असते. मग गेम अडखळतो. ५६००जी पीसीआय एक्सप्रेस ३.०च देतो, म्हणून पुतण्याने ५६०० निवडला असणार, कारण तो ४.० देतो. इथवर त्याचं डोकं बरोबर चाललंय. पण खाली बोर्ड कुठला लिहिलाय? ए५२०. हा चिपसेट ४.० देतच नाही! प्रोसेसर ४.०चा, कार्ड ४.०चं आणि मधला बोर्ड ३.०चा; तिघांना ३.०वरच यावं लागणार. त्या यादीला निदान बी५५० बोर्ड हवा होता.

दुसरी खोड तुमच्या नाटकांशी संबंधित आहे. ६५०० एक्सटीमध्ये व्हिडिओ एन्कोडर, म्हणजे व्हिडिओची फाइल झटपट तयार करणारा खास भाग, नाही. फोनवर घेतलेलं काल्याचं तीन तासांचं नाटक एडिट करून मुलगा एक्सपोर्टचं बटण दाबेल, तेव्हा सगळी भट्टी एकट्या प्रोसेसरवर पेटेल, कारण ५६००कडे तर ग्राफिक्सच नाही आणि कार्ड एन्कोड करत नाही. ५६००जीमधल्या वेगा ग्राफिक्सला मात्र एच.२६४ आणि एचईव्हीसी या दोन्ही व्हिडिओ प्रकारांचा हार्डवेअर एन्कोडर आहे. ज्यांना एकेक फ्रेमची चोख गुणवत्ता हवी ते प्रोसेसरवरच एन्कोड करतात, ते वेगळं. पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नाटक मंडळाच्या ग्रुपवर टाकायचं असतं, तिथे हा एन्कोडर कामाला येतो. म्हणजे बारा-तेरा हजार जास्त मोजून या एका कामात तुम्ही मागे जाल. गेममध्ये ते कार्ड ५६००जीच्या आतल्या ग्राफिक्सपेक्षा बरंच पुढे आहे, हेही सांगायला हवं, नाहीतर मुलगा म्हणेल सदरवाल्याने एकच बाजू मांडली.

ते आतलं ग्राफिक्स कितपत झेपतं? व्हॅलोरंट १०८०पीला, लो सेटिंगवर, साठ फ्रेमच्या वर आरामात. जीटीए ५ सेटिंग उतरवून खेळता येतो. नवे भारी गेम नाहीत, त्यांची आशाच धरू नये. सॉलिडवर्क्सच्या अधिकृत मान्यताप्राप्त यादीत असलं घरगुती ग्राफिक्स नसतं, पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या सबमिशनला लागणारे पार्ट आणि लहान असेंब्ली त्यावर होतात. शेकडो भागांची असेंब्ली फिरवायची झाली तर कॉलेजची लॅब आहे.

आता कोटेशनमधली ती बदलायची ओळ, आणि माझ्या मते या सगळ्या पत्रातली सगळ्यात महागडी ओळ तीच आहे: ‘१६ जीबी रॅम – १’. १६ जीबीची एक घेऊ नका, ८ जीबीच्या दोन घ्या. ५६००जीच्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही, ते रॅममधूनच उचलतं. ३२०० वेगाच्या एका डीडीआर४ रॅमवर सेकंदाला २५.६ जीबीची वाट मिळते. दोन रॅम योग्य खाचांत लावल्या की ५१.२. नेमकी दुप्पट. एका रॅमवर ५६००जी घेणं म्हणजे ज्या ‘जी’साठी पैसे मोजले त्याचा गळा आपणच आवळणं. गेममध्ये हा फरक डोळ्यांना दिसतो. तुमच्या घरात ज्यावरून भांडण चाललंय त्या पंधरा टक्क्यांपेक्षा कितीतरी मोठा. दुकानदार एकच रॅम का देतो? “पुढे वाढवायला एक खाच मोकळी राहते,” असं तो सांगेल. साध्या ऑफिसच्या मशीनला ते चालतं, इथे नाही. चार खाचांचा बोर्ड घेतला की दोन्ही साधतं. बोर्ड कुठला दिलाय ते तुम्ही लिहिलेलं नाही. थोडे पैसे वाढवायची तयारी असेल तर ते चार खाचांच्या बी५५० बोर्डावर घाला.

रॅमवर ३२०० छापलेलं असतं म्हणून ती ३२००ला चालतेच असं नाही. बऱ्याच रॅम बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी नावाची सोय चालू करेपर्यंत २४०० किंवा २६६६वरच बसून असतात. मशीन जोडणाऱ्या पोरांना घाई असते, ते विंडोज टाकतात आणि डबा बांधतात. घरी आल्यावर मुलाला टास्क मॅनेजर उघडायला सांगा: परफॉर्मन्स, मग मेमरी. उजवीकडे खाली ‘स्पीड’ आणि ‘स्लॉट्स यूज्ड’ दिसतं. तिथे ३२०० आणि २ हे आकडे हवेत. नसतील तर दुकानदाराला फोन करा, पाच मिनिटांचं काम आहे.

पुतण्याच्या बाजूने एक सांगतो. कार्ड आजच, याच बिलात आणि बरं घ्यायचं असेल, तर ५६०० निर्विवाद. बी५५० बोर्ड, ५६०० आणि आठ लेनचं आरएक्स ६६०० किंवा त्या तोडीचं कार्ड, ही जोडी ५६००जीला मागे टाकते आणि तिथे मी ‘जी’ घ्या म्हणणार नाही. पण ती उडी बारा-तेरा हजारांत बसत नाही. “आत्ता ५६०० घेऊ, कार्ड पुढे बघू” हा पर्यायच नाही, कारण मधल्या काळात मॉनिटरवर काही दिसणार नाही. आणि नुसता डिस्प्ले यावा म्हणून कुठलं तरी जुनंपुराणं कार्ड घेणं म्हणजे पैसे पाण्यात. उलट ५६००जी घेऊन वर्षा-दोन वर्षांनी कार्ड लावता येतं. तेव्हा दहा टक्के मागे पडलात तर पडलात. फारच खुपलं तर याच बोर्डाच्या एएम४ सॉकेटवर (प्रोसेसर बसवायच्या जागेवर) वरचा प्रोसेसर बसतो, आणि ‘जी’ला जुन्या बाजारात गिऱ्हाईक मिळतं, कारण त्याला कार्ड लागत नाही.

दुकानात आणखी दोन नावं पुढे येतील. ५५०० स्वस्त म्हणून दाखवतील. तो म्हणजे ५६००जीचीच चिप, ग्राफिक्स बंद केलेली आणि वेग थोडा उतरवलेला. कॅश निम्मी आणि वर चित्रही नाही. घेऊ नका. ५६००जीटी हा २०२४चा सुधारित भाऊ, बूस्ट ४.६, बेस ३.६, बाकी जवळपास तेच. शे-दोनशेच्या फरकात मिळाला तर घ्या, त्यासाठी थांबू नका. एएम५ सॉकेट आणि डीडीआर५चा मार्ग पुढच्या काळासाठी जास्त बरा आहे, पण बोर्ड आणि रॅम दोन्हींचा खर्च चढतो. तुमच्या आकड्यात तो बसवायचा तर एसएसडीवर कात्री चालवावी लागेल, आणि ते मला पटत नाही.

आता आपल्याकडच्या हवेचं. हे सगळे तक्ते एसी लावलेल्या खोलीत बनतात. पेडण्यात मे महिन्यात खोलीतच बत्तीस-तेहतीस असतं, आणि खोली जितकी तापते साधारण तितकाच प्रोसेसरही वर जातो. दोघांबरोबर डब्यात येणारा एएमडीचा कूलर त्याला पुरेसा आहे, निराळा घ्यायची गरज नाही. पैसे असतील तर कॅबिनेटला मागे एक पंखा जास्त लावा. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) मात्र घेऊ नका. ब्रॉन्झ दर्जाचा, नावाजलेला ४५० वॅटचा घ्या. पावसात तारांवर माडाची झावळ पडली की वीज नुसती जात नाही, जाता-येता दणके देते, आणि ते आधी एसएमपीएस झेलतो. ६०० व्हीएचा साधा यूपीएस ५६००जी आणि मॉनिटरला काम सेव्ह करून बंद करण्याइतका वेळ देतो. कार्ड लावलं की तो वेळ आखडतो. अर्थिंग मात्र ओळखीच्या वायरमनकडून एकदा तपासून घ्या. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो आणि तिसरी पीन नुसती शोभेची असते.

घर किनाऱ्यापासून किती लांब आहे ते कळलं नाही. मांद्रे-मोरजीच्या पट्ट्यात असाल तर मशीन समुद्राच्या बाजूच्या खिडकीखाली ठेवू नका. खारट दमट वारा रॅमच्या पट्ट्या आणि कार्डाच्या खाचा गंजवतो. सायबरएज या विद्यार्थ्यांना संगणक देणाऱ्या सरकारी योजनेतले संगणक ज्या घरांत होते तिथे विचारा, कित्येक मशीन पावसाळाभर प्लास्टिकच्या आवरणाखाली बंद ठेवूनच गेली. आवरण ओल कोंडून ठेवतं. पावसात मशीन रोज तासभर तरी चालू राहू द्या. तुमच्या घरी गेम खेळणारा असल्यामुळे त्याची काळजी नाही.

बिल घेताना प्रोसेसरचं पूर्ण नाव लिहून घ्या, नुसतं ‘रायझन ५’ चालणार नाही. त्या नावाखाली डझनभर प्रोसेसर आहेत. सीलबंद डब्यातलाच मागा, कारण त्याला तीन वर्षांची कंपनीची वॉरंटी असते. डब्याशिवाय सुटा मिळणारा ‘ट्रे’ प्रोसेसर हजारभर स्वस्त दिसतो, पण त्याची जबाबदारी दुकानदाराच्या शब्दावर असते. डबा तुमच्यासमोर उघडायला लावा, आत कूलर आहे ना बघा, आणि डब्यावरचा सीरियल नंबर बिलावर उतरवून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.